संत्रेसाहेबांची निवृत्ती

संत्रालाभ संशोधन केंद्रातलं सर्वांत वरिष्ठ संत्रं मार्चअखेर निवृत्त होणार होतं, आणि ते कोणी खायचं हे फेब्रुवारी सरत आला तरी ठरलं नव्हतं.

केंद्र नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. संत्री खाल्ल्याने माणसाच्या तब्येतीला फायदा होतो का, एवढा एकच प्रश्न सोडवायला ते उघडलं होतं. प्रश्न साधा होता, त्यामुळे त्याला वेळ लागत होता. तिथे संत्र्यांचं वजन होई, फोटो काढले जात, त्यांना उन्हात ठेवून मग सावलीत ठेवलं जाई आणि दोन्हीकडे त्यांना कसं वाटलं ते विचारलं जाई. खाल्लं मात्र आजवर एकही गेलं नव्हतं, कारण संशोधनाचं साहित्य खाणं नियमात बसत नव्हतं. दरवर्षी अहवाल निघे आणि त्याचं शेवटचं वाक्य दरवर्षी तेच असे: फायदा संभवतो, परंतु अधिक संशोधनाची गरज आहे.

हे वाक्य डॉ. शकुंतला ढोके लिहीत. तरुणपणी नोकरीला लागल्या तेव्हा पहिल्यांदा लिहिलं होतं, आणि आता केस पांढरे झाले तरी त्यांच्याच हातून उतरत होतं. ढोके मॅडम नरखेडकडच्या बागाईतदाराच्या लेक. लहानपणी त्यांनी पाण्यापेक्षा संत्र्याचा रस जास्त प्यायला असेल. पण केंद्रात रुजू होताना प्रत्येकाला हमी द्यावी लागे की सेवेत असेपर्यंत आपण संत्रं तोंडात घालणार नाही. खाणाऱ्याचं मत फळाच्या बाजूने झुकतं, असं त्यामागचं शास्त्र होतं. मॅडमनी हमी दिली आणि पाळली.

त्यांचे वडील दर हंगामात पिशवी भरून संत्री घेऊन यायचे. दारातच बसायचे, एक सोलायचे आणि फोड पुढे करायचे. मॅडम मान हलवायच्या. "लेक संत्र्याची डॉक्टर झाली, अन् संत्राच खात नाही म्हणते," असं ते शेजाऱ्यांना सांगत. सांगताना हसत, पण पुढे केलेला हात लवकर मागे घेत नसत. एका हंगामात ते आले नाहीत, कारण ते राहिले नव्हते. तेराव्याला लोकांनी संत्री वाटली. मॅडमनी तेव्हाही नियम मोडला नाही, आणि त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

निवृत्त होणारं संत्रं मॅडमच्याच विभागात होतं. हंगामी नमुना म्हणून ते रुजू झालं, मग कायम झालं आणि ज्येष्ठतेनुसार चढत चढत प्रधान नमुना या पदाला पोहोचलं. सरकारी नोकरीत कायम झालेलं फळ सडत नाही, ते नुसतं जुनं होतं. त्याच्या बरोबरीची बाकीची कायम होण्याआधीच नासली, काहींची बदली झाली. स्टीलच्या ताटलीत, घडी घातलेल्या रुमालावर ते बसे, आणि सगळे त्याला संत्रेसाहेब म्हणत. साल थोडी सैल पडली होती, देठाशी एक डाग होता, पण कामाला साहेब चोख होते. वजनकाट्यावर जायची पाळी आली की कोणी बोलवायच्या आत तयार असत.

निवृत्त झालेलं साहित्य निर्लेखित होतं, म्हणजे नोंदवहीतून कमी केलं जातं, आणि निर्लेखित झालेलं साहित्य हे साहित्य राहत नाही, त्यामुळे ते खाता येतं, असा अर्थ लेखा विभागाने लावला. तो बरोबर होता. केंद्राच्या इतिहासात पहिल्यांदा एक संत्रं खाल्लं जाणार होतं, म्हणजे प्रश्नाचं उत्तर मिळणार होतं. त्यामुळे संचालकांची झोप उडाली.

संचालक डॉ. पांढरीपांडे हे हुशार गृहस्थ होते. प्रश्न सुटला की केंद्र सुटतं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. फायदा होतो असं निघालं तर काम संपलं म्हणून केंद्र बंद. होत नाही असं निघालं तर इतकी वर्षं काय केलंत म्हणून बंद. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी त्यांची गत झाली. त्यांनी बैठक बोलावली आणि साहेबांना मुदतवाढ देऊ केली. तब्येत ठणठणीत आहे, अनुभव दांडगा आहे, नव्या संत्र्यांना मार्गदर्शन लागेल, असं बरंच काही बोलले.

संत्रेसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"आभारी आहे," ते म्हणाले. "पण बागेत आमचं पाणी तोडून झाडाला ताण देतात, तो फुलं यावीत म्हणून. इथे मी इतकी वर्षं ताण सोसला, फूल काही दिसलं नाही. मला आता सोलून घ्यायचं आहे."

 मग संचालकांनी विचारलं की खाणार कोण, कारण ग्रहणाधिकारी, म्हणजे संत्रं खाणारा, हे पद मंजूर असूनही पहिल्यापासून रिकामं आहे. साहेबांनी सांगितलं की निवृत्त होणाऱ्याला नाव सुचवायचा हक्क आहे आणि त्यांना ढोके मॅडमचं नाव सुचवायचं आहे.

मॅडमच्या हातातला चहा कपातच राहिला. त्यांना आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून भीती वाटली. उभा जन्म त्या एका उत्तरासाठी थांबल्या होत्या. ते उत्तर आता त्यांच्याच तोंडात येणार होतं, आणि त्यासाठी रोज सकाळी ज्याला नमस्कार करायच्या त्याला सोलावं लागणार होतं.

संचालकांनी अखेर होकार दिला, पण अट घातली. प्रयोग शास्त्रशुद्ध झाला पाहिजे. मॅडमनी संपूर्ण संत्रं एकटीने खायचं आणि समोर तुलनाधिकारी बसतील. खाण्याआधी आणि नंतर दोघांची तपासणी होईल, आणि फरक दिसेल तो लाभ.

तुलनाधिकारी म्हणजे दादाराव भुसारी. संत्रं न खाणे हे त्यांचं काम. बाकीचे नियम म्हणून खात नसत, भुसारी जन्मापासूनच खात नव्हते, आणि म्हणूनच त्यांची निवड झाली होती. खाणारा नेमला गेला की त्याच्याशी तुलना करायला न खाणारा हाताशी असावा, यासाठी ते रोज दहाला येऊन खुर्चीत बसत आणि होते तसेच राहत. या कामाचा त्यांना अभिमान होता. "माया जिभीले संत्र्याचा डाग नाही," असं ते पाहुण्यांना जीभ दाखवून सांगत.

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी मॅडम साहेबांजवळ बसल्या होत्या. काटा पुसून ठेवला होता. आता वजन घ्यायचं काही कारण उरलं नव्हतं.

"माझंच नाव का दिलंत, साहेब?" त्यांनी विचारलं.

"बाकीच्यांनी मला तोललं," साहेब म्हणाले. "तुम्ही तोलून झाल्यावर परत ठेवताना डाग खाली जाईल असं ठेवत होतात. चार लोकांत बरं दिसावं म्हणून. माझ्या लक्षात यायचं ते."

मॅडमनी रुमालाची कड सरळ केली. थोड्या वेळाने साहेबच पुन्हा बोलले. आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

"एक विचारायचं होतं. मी गोड आहे की आंबट, हे मला कधी कळलं नाही. सगळं मोजून झालं, तेवढं राहिलं. तुम्हाला कळलं तर सांगाल?"

"सांगेन की. पण तेव्हा तुम्ही कुठे असाल?"

"मी जवळच असेन," साहेब म्हणाले.

निरोप समारंभ सभागृहात झाला. साहेबांना शाल दिली. ती ताटलीसकट त्यांच्यावर घातल्यामुळे काही वेळ साहेब दिसेनात, म्हणून घडी करून शेजारी ठेवली. श्रीफळही दिलं. नारळ साहेबांच्या बाजूला बसून राहिला. दोघे एकमेकांशी बोलले नाहीत, खातं वेगळं असल्यामुळे असेल. संचालकांनी भाषणात साहेबांच्या सचोटीचा उल्लेख केला आणि अशी फळं आता होत नाहीत असं म्हणताना त्यांचा गळा दाटून आला. तो खरोखरच दाटला होता, कारण घरच्या कर्जाचे हप्ते अजून बरेच बाकी होते. साहेबांनी उत्तरादाखल दोन शब्द बोलून सगळ्यांचे आभार मानले आणि मॅडमकडे वळून म्हणाले, "चला."

तपासणी झाली. मॅडम खुर्चीत बसल्या, समोर भुसारी ताठ बसले, जीभ आत घेऊन. कर्मचारी भोवती उभे राहिले. मॅडमनी साहेबांना हातात घेतलं. देठाशी अंगठा रुतवला तेव्हा त्यांचे डोळे भरले, पण अंगठा थांबला नाही. सालीतून वास उडाला. त्या सभागृहात इतकी वर्षं संत्र्यांवर व्याख्यानं झाली होती, पण संत्र्याचा वास पहिल्यांदाच आला. मागे उभे असलेले लोक नकळत एक पाऊल पुढे सरकले.

मॅडमनी साल एका तुकड्यात काढली, वडील काढायचे तशी. पांढऱ्या शिरा हलक्या हाताने सोडवल्या. फोडी सुट्या केल्या. आणि पहिली फोड घेऊन त्यांचा हात स्वतःच्या तोंडाकडे न जाता समोर गेला.

त्यांनी हे ठरवून केलं नव्हतं. त्यांच्या घरची रीतच तशी होती, आणि त्यांच्याच कशाला, त्या सगळ्या मुलखाची. सोलणाऱ्याने आधी वाटायचं आणि उरलं ते आपलं. संत्रं एकट्याने खाणारा माणूस मॅडमनी पाहिला नव्हता. न खाताच इतकी वर्षं गेल्यामुळे हाताला दुसरं काही शिकायची वेळच आली नव्हती. समोर भुसारी होते, म्हणून पहिली फोड भुसारींपुढे गेली.

आणि पुढे आलेल्या फोडीला नाही म्हणायचं नसतं, हीसुद्धा त्याच मुलखाची रीत, आणि भुसारींपुढे आजवर कोणी फोड धरलीच नव्हती. भुसारींनी दोन्ही हात पुढे करून ती घेतली, कपाळाला लावली आणि तोंडात टाकली.

दुसरी संचालकांनी घेतली. तिसरी लेखापालांनी. मॅडमचा हात फिरत राहिला आणि ओंजळी पुढे येत राहिल्या. सगळ्यांना देऊन झालं तेव्हा मॅडमच्या तळहातावर दोन मोठ्या फोडींच्या मध्ये चिकटून राहिलेली एक बारकी फोड तेवढी होती. ती त्यांनी खाल्ली.

मग भुसारी एकदम रडायला लागले.

"मॅडम, मी खाल्ला," ते म्हणाले. "मी खाऊन टाकला. आता तुमची तुलना कोनासंगं करता?"

लगेच बैठक बसली, तिथल्या तिथे, सालींसमोर. तपासणी पुन्हा केली. सगळ्यांची तब्येत उत्तम निघाली. पण सगळ्यांचीच उत्तम निघाल्यामुळे कोणापेक्षा उत्तम हे सांगता येईना. न खाल्लेला माणूस शोधायला शिपायाला रस्त्यावर धाडलं. तो रिकाम्या हाताने परत आला, कारण हंगाम चालू होता. प्रयोग निष्फळ ठरवण्यात आला. संचालकांनी ठरावावर सही केली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तकाकी आली होती. ती लाभामुळे आली की ठरावामुळे, हे सांगता येत नाही.

भुसारींना काढलं नाही. तुलनेला न खाणारा जसा लागतो तसा एकच फोड खाल्लेलाही लागू शकतो, असं मॅडमनी मांडलं आणि ते मान्य झालं. अहवालाचं शेवटचं वाक्य मॅडमनीच लिहिलं. तेच लिहिलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर त्या विभागात आल्या. ताटली धुऊन पालथी घातली होती. उद्या तिच्यावर नवीन नमुना रुजू होणार होता, त्याच्यासाठी धुतलेला रुमालही ठेवला होता. मॅडम आपल्या खुर्चीत बसल्या आणि पोटावर हात ठेवला.

खरं सांगायचं तर फोड जुनी झाली होती. रस कमी, चोथा जास्त, आणि शेवटी जिभेवर एक कडसर चव राहिली होती. ती अजून होती. मॅडमनी आयुष्यात एकही विधान पुराव्याशिवाय केलं नव्हतं, आणि पुराव्यासहित केलं तेव्हाही त्याला पुढे ‘परंतु’ जोडला होता.

"गोड होतात, साहेब," त्या म्हणाल्या.

आतून काही उत्तर आलं नाही. निवृत्तांकडून ते अपेक्षितही नसतं. मॅडमनी दिवे मालवले, कुलूप लावलं आणि बाहेर पडल्या. फाटकाशी हातगाडीवाला संत्री विकत होता. त्यांनी अर्धा डझन घेतली, तिथेच पायरीवर बसून एक सोललं आणि पहिली फोड हातगाडीवाल्यापुढे धरली.