भामा असं म्हणालीच नव्हती!

किशोरींसाठी तडफदार नायिका लिहावी तर मीच! माझी भामा म्हणजे नुसती वीज! मासिकात तिची चार प्रकरणं छापून आली, तेव्हा हैदराबादेतल्या आमच्या अख्ख्या नल्लकुंट्यात मी मोरासारखी पिसारा सांभाळत चालत होते.

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, त्याच वर्षी माझ्या भाचीला, प्रमिलाला, औरंगाबादचं स्थळ आलं. मुलाचे वडील हिम्मतराव आता मुंबई राज्यातले झालेले, त्यामुळे मराठीचा ताठा अगदी कोरा करकरीत! त्यांनी आधीच निरोप धाडला, "हैदराबादच्या मुली बोलतात मराठी, पण वाचतात उर्दू. आमच्यासमोर मराठी वाचून दाखवावं लागेल."

खरंच होतं हो ते! प्रमिला उर्दू शाळेतली. जोडाक्षर आलं की बैलगाडी दगडाशी अडावी तशी अडायची.

"घाबरतोस काय दादा!" मी तिच्या वडिलांना म्हटलं. "माझ्या भामाचं पहिलं पान तिच्याकडून पाठ करून घेते. मासिक समोर धरायचं आणि घडाघडा म्हणायचं!"

"आत्या, मला कॉलेजात जायचंय. लग्न नक्को!" प्रमिला म्हणाली.

"नक्को काय नक्को! आधी पाठ कर!"

मंडळी आली. हिम्मतराव, त्यांच्या सावित्रीबाई आणि मान खाली घातलेला नवरामुलगा दिगंबर. प्रमिलानं मासिक उघडलं. तिच्याबरोबर मीही ओठ हलवू लागले.

"भामा मान वर करून म्हणाली, मला बी.ए. व्हायचंय."

माझे ओठ जागच्या जागी थिजले. कुठलं बी.ए.? पहिल्या पानावर भामा विहिरीवर जाते, जाई बघते आणि रडते!

"तोवर थांबणारा असेल, तर त्यानं बसावं," प्रमिला पुढे वाचत होती. "नसेल, तर त्याचा चहा पिऊन झालेला आहे!"

"तारा, असं लिहिलंस तू?" दादा माझ्या कानात फिस्कारला.

नाही म्हणावं, तर मुलीला वाचता येत नाही हे उघडं! हो म्हणावं, तर स्थळ मोडल्याचं पाप माझ्या लेखणीवर! मी लोणच्याच्या बरणीसारखी तोंड बांधून बसले.

"फारच ठसकेबाज लिहिता हो!" हिम्मतराव म्हणाले. "मग मुलगा काय म्हणतो?"

"ते अजून छापून यायचंय," प्रमिला म्हणाली.

"थांबतो म्हणतो," दिगंबर पुटपुटला.

"बघू गं," म्हणत सावित्रीबाईंनी मासिक घेतलं, चष्मा चढवला आणि खणखणीत वाचलं,

"विहिरीच्या काठी गं, जाई एकटी फुलली
भामा माझी बाई, पाणी भरता भुलली...

अगंबाई! ही तर नुसती मुसमुसतेय! बी.ए. कुठाय?"

आता मला विहीरच हवी होती. उडी टाकायला!

"मला वाचता येत नाही," प्रमिला म्हणाली. मान तशीच वर. "पण बोलले ते खरं आहे."

सावित्रीबाईंनी तिला नीट न्याहाळलं. "आमचा दिगू थांबतोय ना? मग तोवर वाचायलाही शिकशील. मला मुलगी पसंत आहे!" मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्या त्या भामाकडे मात्र जरा बघा हो बाई."

बघितलं! प्रमिलाचं बोलणं जसंच्या तसं पाचव्या प्रकरणात घातलं आणि ऐटीत पाठवून दिलं. संपादकांचं कार्ड उलट टपाली आलं, "भामा आता कुठे बोलायला लागली! आधीची चार प्रकरणं कुणाकडून लिहून घेतली होती?"