सासूबाईंचे नऊ हजार शर्ट

"कर खात्याला गुंडाळायला डोकं लागतं, आणि ते माझ्याकडे आहे!" लॉन्ड्रीवाले भाऊ बायकोला रोज ऐकवत. दुकानात पैसे भरायचा क्यूआर कोड त्यांनी चिकटवला होता, तो चक्क सासूबाईंच्या खात्याचा! म्हातारीच्या खात्यात कोण डोकावतंय? स्वतःच्या विवरणपत्रात भाऊ दिवसाला फक्त तीन शर्ट दाखवत.

आणि एके दिवशी नोटीस आली. भाऊंना एक, सासूबाईंना एक!

"घाबरतो की काय मी!" म्हणत भाऊ कडक इस्त्रीचा शर्ट घालून सासूबाईंसह कर कार्यालयात दाखल झाले.

अधिकारी बाईंनी संगणकात पाहिलं. "दिवसाला तीन शर्ट. मग एवढं वीजबिल?"

"इस्त्री जुनी आहे, मॅडम. फार वीज खाते!"

"आणि चारशे किलो धुण्याची पावडर?"

"मला स्वच्छतेची आवड आहे!"

बाई सासूबाईंकडे वळल्या. "आजी, बँकेकडून तुमच्या खात्याची माहिती आलीय. रोज पैसे जमा होतायत. लोकांनी सोबत लिहिलंय, 'दोन कोट', 'पडदे', 'डाग तसाच आहे'. रकमेच्या हिशेबाने वर्षाला नऊ हजार शर्ट तरी झाले. वय काय तुमचं?"

"अठ्ठ्याहत्तर."

"एवढी इस्त्री तुम्ही केलीत?"

"केली की!" सासूबाई ताठ बसल्या. "म्हातारीने धंदा करू नये असा कायदा आहे का? पैसे माझे, लॉन्ड्री माझी. काय कर होईल तो सांगा, आत्ता भरते!"

भाऊ मनातल्या मनात नाचले. सुटलो!

"मग हे कोण?" बाईंनी विचारलं.

"हे होय? कामाला आहेत माझ्याकडे. तसे बरे आहेत, पण कॉलर नीट जमत नाही."

कॉलर जमत नाही? भाऊंच्या डोक्यात सणक गेली. खुर्ची मागे सारून ते उभेच राहिले.

"बावीस वर्षं मी राबतोय तिथे! दुकान माझं! नऊच्या नऊ हजार शर्ट माझे, आणि त्या खात्यातला पैसा न् पैसा माझा! नोकर म्हणता मला?"

बाईंनी शांतपणे एक कोरा कागद पुढे सरकवला. "एवढंच लिहून द्या. आमचं त्याच्यावरच अडलं होतं."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो जावईबापू, वाचवत होते हो मी तुम्हाला!"

सही मात्र भाऊंनी झोकात केली.