टिपणीस आणि बारा भोकं

टिपणिसांच्या डायनिंग टेबलावर गेले अकरा आठवडे कोणी जेवलेलं नाही. तिथे दोन स्की आडव्या पडल्या आहेत. घर अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत, जिथे ऑगस्टमध्ये गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायला रुमाल लागतो. टिपणीस स्वतः बर्फावर एकदाही उभे राहिलेले नाहीत. दुबईच्या मॉलमधला बर्फ त्यांनी काचेबाहेरून पाहिला आणि म्हणाले, "उतार कमी आहे."

आम्ही एकाच व्हिलात, दाराला दार लावून राहतो. मी इमारतींची मोजमापं काढतो आणि ते मुसफ्फाच्या एका यार्डात पाइपांची तपासणी करतात. नट-बोल्टचं भोक अर्ध्या मिलिमीटरने सरकलेलं दिसलं की त्यावर लाल स्टिकर चिकटवायचा, 'होल्ड'. ही सवय घरीही येते. वहिनींनी आमटीत गूळ टाकायला हात उचलला की बाहेरून आवाज येतो, "होल्ड!"

"टाकून झाला," वहिनी सांगतात.

स्की त्यांच्या मुलीसाठी, रेवासाठी. ती इथेच वाढली आणि आता नॉर्वेत नोकरी करते. तिथे ती टेलिमार्क नावाच्या प्रकाराने बर्फावरून उतरते. त्यात बुटाचं फक्त नाक स्कीला पकडलेलं असतं आणि टाच मोकळी राहते. वळायचं तर एक गुडघा जवळजवळ जमिनीला टेकवायचा. रेवाने नेमकं हेच निवडावं याचं आम्हाला नवल वाटलं नाही. लहानपणी ती व्हिलाभर चवड्यांवरच चालायची आणि टिपणीस दिवसातून वीस वेळा ओरडायचे, "रेवा, टाच टेक!"

वाढदिवसाला तिला नव्या स्की देतो म्हणाले. तिकडच्या तिकडे द्यायच्या, तर यांनी त्या इथे मागवल्या. "बाइंडिंग मी बसवणार. भोकं पाडणं माझा धंदा आहे." बाइंडिंग म्हणजे बूट पकडणारी लोखंडी पकड. एका स्कीला सहा स्क्रू, म्हणजे एकूण बारा भोकं. मापासाठी रेवा जूनमध्ये आली तेव्हा तिचे जुने बूटही ठेवून घेतले. ते दाराशी चपलांच्या रांगेत उभे असतात. डिसेंबरात ती पुन्हा येईल आणि सगळं घेऊन जाईल.

प्रश्न एवढाच, की भोकं कुठे?

यात दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, बुटाचं नाक स्कीच्या बरोबर मध्यावर यावं. दुसरा म्हणतो, बुटाचा मध्य कंपनीने केलेल्या खुणेवर यावा. या स्कीवर दोन्हींत सव्वीस मिलिमीटरचा फरक पडतो. पुढे बसवलं तर वळणं सोपी, पण भुसभुशीत बर्फात स्कीचं टोक बुडतं. मागे बसवलं तर टोक वर राहतं, पण वळवताना मांड्या भरून येतात. इंटरनेटवर दोन्ही पंथांचे म्हातारे एकमेकांना शिव्या देतात. टिपणिसांनी दोन्हीकडे खातं उघडलं आहे.

"मागे बसवलं की पोरगी दमणार, पुढे बसवलं की तोंडावर पडणार," ते आमच्या दारात उभे राहून म्हणायचे. बसायचे नाहीत. सोफ्याच्या हातावर टेकले तरी एक पाय हलत असायचा. "आणि साठे, एकदा भोक पडलं की खलास!"

तोल पाहण्यासाठी त्यांनी स्की लाटण्यावर ठेवून पाहिली. लाटणं चार दिवस परत आलं नाही. वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या, "आमच्याकडे सध्या भातच." सरावासाठी यार्डातून प्लायवूडचे तुकडे आणले. मी मोजले, सदतीस. प्रत्येकात नऊ मिलिमीटर खोल भोक. त्याहून खोल गेलं तर ड्रिल स्कीच्या तळातून बाहेर येईल.

एकदा मी सहज टेप लावला आणि माझ्या लक्षात आलं, की टिपणीस तीन आठवडे टेप स्कीच्या वळणावरून फिरवत होते. तसं माप येत होतं १७६२. टोकापासून शेपटीपर्यंत सरळ ताणलं तर १७४६. म्हणजे मध्य आठ मिलिमीटरने चुकलेला.

टिपणीस खुर्चीत बसले. पहिल्यांदाच.

"तीन आठवडे मी खोट्या मध्यावर जगलो, साठे."

मग उठले आणि सगळं पुन्हा सुरू झालं.

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी रेवाचा मला फोन आला. "साठेकाका, इज ही डन?"

"नाही अजून. तू जरा दटाव त्यांना."

"नो नो, प्लीज! घाई नका करू. इथला शॉपवाला ट्वेंटी मिनिट्समध्ये करून देतो."

"मग त्यालाच का नाही सांगत?"

"काका, आधी बाबा फोनवर दोनच क्वेश्चन्स विचारायचे. जेवलीस का आणि थंडी आहे का. मग आईला फोन द्यायचे. नाऊ ही कॉल्स एव्हरी डे. गुडघा किती वाकवतेस, वजन कुठल्या पायावर टाकतेस, भीती कुठल्या वळणावर वाटते. अ होल आवर, काका."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळीच टिपणिसांनी दार ठोठावलं. "यल्ला, चला साठे, ठरलं! ती अजूनही चवड्यांवरच जोर देते, म्हणून मध्यापासून तेरा मिलिमीटर मागे. शेपटीपासून आठशे साठ. टेप तुम्ही धरा, आकडा तुम्ही वाचा. माझा माझ्यावर भरवसा नाही."

टेबलावर स्की, स्कीवर पेन्सिलची रेघ. ड्रिलच्या टोकाला नऊ मिलिमीटरवर लाल पट्टी. ज्या हाताने हजारो पाइप पास-नापास केले, त्या हाताने टिपणिसांनी ड्रिल उचललं. त्यांनी एकदा दाराशी ठेवलेल्या बुटांकडे पाहिलं.

"वाचा."

मी टेप सरळ ताणला. वहिनी ताटं घेऊन माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही टेप दिसत होता. रेघ आठशे साठवर होती. केसभरही इकडे-तिकडे नव्हती.

चोवीस वर्षांच्या नोकरीत मी आकडा चुकीचा वाचलेला नाही.

"आठशे साडेएकसष्ट," मी म्हणालो.

"होल्ड!" टिपणिसांनी ड्रिल खाली ठेवलं. एवढा मोकळा श्वास मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. "म्हटलं नव्हतं मी? दीड मिलिमीटर! थांबा, रेवाला सांगतो." आणि फोन कानाला लावून ते गॅलरीकडे निघाले. "हां रेवा, ऐक. डावीकडे वळताना टाच नक्की किती उचलतेस तू?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. कपाटामागची चटई काढून जमिनीवर अंथरली आणि ताटं मांडली.

"बसा भावजी," त्या म्हणाल्या. "त्यांना तासभर लागेल."