लव्हॉनबाई स्टेनस्रुड यांनी समुद्र सर केला त्याची हकीकत

प्रभुकृपेकरून. मिनेसोटा प्रांतीं, मौजे एल्सबी येथील राजमान्य ऑर्विल स्टेनस्रुड व त्यांचे कुटुंब लव्हॉनबाई यांजमध्ये सफरीचे ठिकाणावरून जी मसलत पडली, तिची हकीकत चर्चचे तळघरी कॉफीच्या भांड्याभोवती बसोन जैसी ऐकिली तैसी लिहिली असे. पदरचे काही घातले नाही. चुकोन घातले असेल ते गोड मानोन घ्यावे.

ऑर्विल हे अडतीस वर्षे खेडोपाडी टपाल पोचविण्याचे कामी होते. बर्फ पडो, वादळ होवो, लोकांची पत्रे दूरदेशीहून आली ती दारोदार देत गेले, आणि आपण मात्र प्रांताबाहेर फारसे पडले नाहीत. मग पेन्शन जाली, आणि मग दोन्ही गुडघे बंड करोन उठले, आणि मग वैद्यांनी निक्षून सांगितले की लांबवर गाडी हाकणे ती यंदा हाका, पुढील साली हाकू देणार नाही. सबब मोठी सफर एकच उरली. ठिकाणे दोन पुढे आली. दक्षिणेस आरिझोना सुभ्यातील ग्रँड कॅन्यनची अफाट दरी, आणि पश्चिमेस ऑरेगन सुभ्याचा समुद्र.

लव्हॉनबाईंचे वय एकाहत्तर. दहा हजार तळ्यांचे मुलखात जन्म गेला, पाण्याची टंचाई ती कधी जाली नाही, परंतु समुद्र म्हणोन डोळां पाहिला नाही. लग्नाचे साली त्यांनी एका जुन्या कॅलेंडरातील लाटांचे चित्र कापोन घेतले होते. घरात तीन फ्रिज आले आणि गेले, तरी ते चित्र चौथ्याचे दारावर कायम. ऐसे असोन बाई तोंडाने एक अक्षर बोलिल्या नाहीत, कारण त्या मुलखाचा दस्तूर मोठा कडक.

दस्तूर ऐसा जे, कोणी काही देऊ केले अथवा पुसिले, तर पहिल्याने नको म्हणावे, दुसऱ्यानेही नको म्हणावे, आणि तिसऱ्याने मनातले सांगावे. ताटातील शेवटचा तुकडा कोणी उचलू नये. अर्धा कापोन घ्यावा, उरेल तो पुढच्याने अर्धा कापावा. आणि आनंदाने ऊर भरोन आला तरी "वाईट नाही" यापलीकडे तारीफ करू नये.

एप्रिल मासी ऑर्विल यांनी पहिली चढाई केली.

"कुठे जायचं आपण?"

"तू म्हणशील तिथे."

आठा रोजांनी दुसरी केली. "अगं, मनातलं सांग की."

"मला काय, कुठेही चालेल."

आता तिसऱ्याने पुसावे, ते ऑर्विल यांनी पुसिले नाही. घरच्या माणसाशी एवढा शिष्टाचार कशास, ऐसे मनी आणिले, आणि येथेच घात जाला. त्यांसी याद आली की मागे थोरल्या भावाकडे दरीची चित्रे पाहताना बाई "वाईट नाही" बोलिल्या होत्या. भावजय समोर बसली होती, दुसरे काय बोलतील? परंतु ऑर्विल यांनी तेवढ्यावर दरीचा निश्चय केला, आणि तो पाहोन बाईंनी काळीज घट्ट करोन दरीची वाखाणणी आरंभिली, आणि ती ऐकोन ऑर्विल यांनी नकाशे आणविले, आणि नकाशे पाहोन बाईंनी उन्हाची टोपी आणविली. दोन्ही फौजा एकमेकींस वाट देत देत भलत्याच मुलखात शिरल्या.

जून मासी रविवारी, चर्चहून आलियावर, कन्या मारिट शहरातून लॅपटॉप घेऊन दाखल जाली. स्वभावे उतावीळ. बाईंनी केलेल्या रुबार्बच्या, म्हणजे आंबट देठांच्या, गोड वड्यांचा ट्रे मेजावर होता, त्यात वडी एकच शिल्लक. ऑर्विल यांनी अर्धी कापोन घेतली, मग मारिटने उरलीतील अर्धी घेतली, मग ऑर्विल पुन्हा सरसावले, आणि मग वडी अंगठ्याचे नखाएवढी राहिली.

"दरीच्या काठावरची खोली मिळतेय," मारिट बोलिली. "एकच उरलीय, आणि पैसे परत नाहीत. दाबू का बटण?"

"दाब," ऑर्विल बोलिले, आणि चेहरा पांढरा पडला.

लव्हॉनबाईंनी फ्रिजकडे एकवार पाहिले. मग हात पुढे केला, आणि सुरी घेतली नाही, आणि शेवटचा तुकडा अख्खा उचलोन तोंडात टाकिला. शेहेचाळीस वर्षांचे संसारात ऐसे जाले नव्हते. मारिटचे बोट हवेत राहिले, आणि ऑर्विल यांनी कॉफीचा मग खाली ठेविला.

"मला समुद्र बघायचाय," बाई बोलिल्या.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस? मी विचारलं होतं."

"दोनदा विचारलंस."

दस्तूर बाईंचे पक्षी होता. मग ऑर्विल हळूच बोलिले, "बरं झालं बाई. त्या कड्यावर उभं राहायचंय या धास्तीने महिनाभर झोप नाही मला. शिडीवर चढलो तरी पाय लटपटतात माझे."

"ते मला ठाऊक नाही का? म्हणून तर वाटलं, एवढा घाबरतोस तरी जायचं म्हणतोस, म्हणजे केवढी हौस असेल."

"तुम्ही दोघं मला वेड लावणार आहात," ऐसे बोलोन मारिटने दरीची खोली सोडोन दिली आणि ऑरेगनची धरिली.

सप्टेंबर मासी चार मुक्काम करोन स्वारी किनारी दाखल जाली. बाईंनी बूट काढिले, ते ऑर्विल यांचे हाती दिले, आणि घोट्याभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"कसं वाटतंय?" ऑर्विल यांनी वाळूवरून पुसिले.

"ठीक आहे."

"कसं वाटतंय गं?"

"गार आहे जरा."

या खेपेस ऑर्विल थांबले नाहीत. बूट वाळूत ठेविले, विजार दुखऱ्या गुडघ्यांपर्यंत दुमडिली, लाटांत उतरोन बाईंचे शेजारी जाऊन उभे ठाकले, आणि तिसऱ्याने पुसिले. बाईंनी डोळे पुसिले आणि समोरच पाहत राहिल्या.

"वाईट नाही," त्या बोलिल्या.

येणेप्रमाणे सप्टेंबरची चौदावी, दोन प्रहरी, समुद्र फत्ते जाला. दरी आपले जागी सुखरूप आहे.