नानांचा फ्यूज बॉक्स

देवरे नानांच्या गाडीत पुढे बसणाऱ्याला सीट बेल्टच्या आधी फ्यूज बॉक्स धरावा लागतो. चेष्टा नाही करत. डॅशबोर्डखाली डाव्या बाजूला, जेवणाच्या डब्याएवढा एक काळा बॉक्स वायरींना लोंबकळत असतो. तो जिथे स्क्रूने बसायचा, ते प्लॅस्टिकचे कान केव्हाच तुटलेत. हाताने वर दाबून धरला तर गाडी चालते. हात जरा ढिला पडला की वायपर सुरू होतात, नाहीतर हॉर्न, नाहीतर गाडीच बंद.

"काय नाय भाऊ, नुसतं धरायचं," नाना म्हणतात. "तुला कुठं ढकलायला सांगतोय?"

नाना आमच्याच बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर राहतात. मूळचे बागलाणातले, पाटबंधारे खात्यातून रिटायर. मुलगा पुण्यात, काकू वारल्यापासून घरात एकटेच. माणूस गोड, पण नातेवाईक अफाट! नामपूरला साखरपुडा असो की कळवणला दहावा, नाना इस्त्रीचा शर्ट घालून तयार. आणि मग बॉक्स धरायला माणूस शोधायला निघतात. सोसायटीच्या सेक्रेटरीने धरलाय, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी धरलाय. एकेकदा धरून सगळ्यांनी कंबरदुखी सांगितली. राहिलो मी, कारण मला मेल्याला तोंडावर नाही म्हणता येत नाही.

काय काय शोभा झाली म्हणून सांगू! एकदा गंगापूर रोडच्या सिग्नलला भर उन्हात आमचे वायपर फटाफटा हलत होते आणि मी डॅशबोर्डखाली हात घालून वाकलेला. शेजारी स्कूटरवर आमचे साहेब. "काही पडलंय का हो?" त्यांनी विचारलं. "नाही सर, धरलंय," मी म्हणालो. पुढे आठवडाभर ऑफिसात लोक माझ्याकडे बघून हसत होते.

पण त्याहून वाईट म्हणजे कळवणकडचा तो दहावा. नानांच्या लांबच्या नात्यातले एक म्हातारबा गेले होते. नदीकाठी पिंड ठेवलेला, माणसं हात जोडून गप्प उभी. गाडीतून उतरताना मी बॉक्सखाली पाण्याची बाटली उभी करून ठेवली होती. बऱ्याच वेळाने एक कावळा आला, पिंडाजवळ उतरला, चोच पुढे केली... आणि गाडीत बाटली आडवी झाली. पँऽऽऽ!

कावळा भुर्रकन उडाला, तो यायचं नावच घेईना. म्हाताऱ्याचा जीव कशात अडकला म्हणून लोक कुजबुजायला लागले. मी धावत जाऊन हॉर्न बंद केला आणि गाडीतच तोंड लपवून बसलो. तिकडे थोरला मुलगा घाबरून पिंडापुढे कबूल करत होता, "बाबा, विहिरीचं पाणी धाकल्याला देईन! निम्मं देईन! आता तरी शिवू द्या!" शेवटी कावळा शिवला. धाकला रडत थोरल्याच्या गळ्यात पडला.

"भारी काम केलं भाऊ," येताना नाना खुशीत होते. "कितीक वर्षांचं भांडण मिटवलं तू."

मला मात्र जमिनीने पोटात घ्यावं असं झालं होतं. आता बस्स! रविवारी मी हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी पट्टी आणि स्क्रू आणले, बॅटरीची वायर सोडली, गाडीत उताणा पडलो आणि बॉक्स पट्टीवर ठाकठीक बसवून टाकला. नानांनी हलवून पाहिला. "टाइट शे," एवढंच अहिराणीत म्हणाले. तोंड जरा उतरल्यासारखं वाटलं, पण मी कसला लक्ष देतोय! तिथूनच वर गॅलरीत उभ्या बायकोला ओरडून सांगितलं, "बसला गं एकदाचा! सुटलो बुवा मी!"

पुढच्याच आठवड्यात नाना दारात. "भाऊ, ढिला झाला बघ." माझंच काम कच्चं, म्हणून मी ओशाळलो. वॉशर घालून पुन्हा आवळला. पुन्हा ढिला. नानांची माफीसुद्धा मागितली मी!

मग एका सकाळी दूध घेऊन परत येत होतो, तर नानांच्या गाडीचं दार उघडं, दारातून नानांचे पाय बाहेर. वाकून पाहिलं. सीटवर आडवे पडून, चष्मा कपाळावर चढवून, नाना स्क्रू ड्रायव्हरने माझे स्क्रू सोडत होते.

"नाना?"

ते धडपडत उठले. डोकं डॅशबोर्डला लागलं. मुठीत स्क्रू, आणि चेहरा इतका कानकोंडा की मलाच तिथून पळून जावंसं वाटलं.

"तसं नाय भाऊ," ते खाली बघत म्हणाले. "नुसतं चल म्हणलं तर कोण येतंय? तुझी काकू यायची. आता धरायला ये म्हणलं का माणूस येतो. तेवढाच रस्ताभर बोलायला होतो कोणी." मग हळूच म्हणाले, "त्या दिवशी तू सुटलो म्हणला ना..."

माझ्या लाजेचे किस्से मी चारचौघांत रंगवून सांगत होतो, आणि हा माणूस माझ्या सोबतीसाठी चोरासारखा स्वतःच्याच गाडीत शिरत होता. शरम वाटली मला. खरंच, फार शरम वाटली.

मी त्यांच्या हातून स्क्रू घेतले आणि बॉक्स नीट आवळला. मग दुधाची पिशवी मागच्या सीटवर टाकली आणि पुढे बसलो.

"चला नाना. कुठे जायचं?"

नाना पलीकडून येऊन स्टिअरिंगमागे बसले, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"आज तर कुठं कोणाचं काहीच नाय, भाऊ," ते म्हणाले. "तरी येतो?"

"तरी येतो," मी म्हणालो आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.