धूर जायला वाट

मला स्वस्थ बसता येत नाही. हा माझा दोष नाही, धंद्याची सवय आहे. (बायको म्हणते, दोषच आहे.) आमच्या पेम्ब्रोकशर परगण्यातल्या निम्म्या घरांची धुराडी मी तीस वर्षं साफ करतोय. कुणाकडे चहाला गेलो तरी कप हातात येण्याआधी माझी मान त्यांच्या शेगडीत असते.

त्यामुळे त्या शनिवारी मायनिरनं, म्हणजे बायकोनं, किल्ल्यावर येतोस का म्हणून विचारलं, तेव्हा मी सरळ नाही म्हणायला हवं होतं. हो म्हणालो.

किल्ला दोन हजार वर्षांपूर्वीच्या आमच्या केल्ट पूर्वजांचा. टेकडीवर मातीचे बांध, आणि आत जुन्या खांबांच्या खड्ड्यांवरच पुन्हा उभारलेल्या चार गोल गवती झोपड्या. बघायला येणाऱ्यांना माहिती द्यायला मायनिर तिथं तीन वर्षं हंगामी नोकरीवर होती. त्या दिवशी विश्वस्त येऊन तिला कायम करायचं की नाही ते ठरवणार होते, आणि नेमकी तिची मदतनीस कंबर धरून घरी बसली होती.

"तू फक्त झोपडीतल्या शेकोटीपाशी बसायचं," मायनिर म्हणाली. "रस्सा ढवळायचा. कुणी काही विचारलं तर हसायचं. बाकी कशाला म्हणून हात लावायचा नाही. इद्वल, एवढं एक कर माझ्यासाठी."

मी मान डोलावली. तिनं मला पूर्वजांसारखी चौकड्यांची लोकरी तुमान चढवली आणि विश्वस्तांना आणायला फाटकाकडे गेली. तुमान अशी चावत होती, की पूर्वज एवढ्या लढाया का करायचे ते मला पाच मिनिटांत कळलं.

पण खरा ताप धुराचा. डोळे पुसत वर बघतो तर काय, छपराला भोकच नाही! आग आहे, आणि धूर जायला वाट नाही. मी बसलो, उठलो, रस्सा ढवळला, पुन्हा उठलो. ढवळलेलाच रस्सा परत ढवळला. विश्वस्त आत येणार, खोकून खोकून बेजार होणार आणि बिचाऱ्या मायनिरची नोकरी धुरात जाणार. असं डोळ्यांदेखत होऊ द्यायचं? धुराड्यात आयुष्य काढलेल्या माणसानं?

छपराला गवत शाकारणाऱ्यांची शिडी टेकलेली होतीच. मी वर चढलो आणि शेंड्याजवळचं गवत उपसून बादलीएवढं सुबक भोक पाडलं. धूर कसा भसाभस बाहेर आला! इतकं समाधान मला लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

ते अर्धं मिनिट टिकलं. मग खालून घुर्र असा आवाज आला. तो मी चांगला ओळखतो. धुराडं ओढायला लागलं की असाच येतो. मगाशी निमूट धुमसणारी शेकोटी आता पुरुषभर उंच झाली होती, आणि माझ्या भोकातून ठिणग्या उडून गवतावर पडत होत्या.

मी हातांनी ठिणग्या मारत सुटलो. तेवढ्यात बांधावरून मायनिर येताना दिसली, मागे तिघे विश्वस्त. तीन वर्षं पावसाचिखलात राबली बिचारी, आणि मी तासाभरात वाटोळं केलं. काही सुचेना. शेवटी डोळे मिटले आणि भोकावर बसलो.

(तुमानीचं पुढे काय झालं ते विचारू नका.)

खाली मायनिरनं अख्खा रस्सा आगीवर ओतल्याचा आवाज आला. मग बाहेर येऊन ती विश्वस्तांशी इतक्या शांतपणे बोलू लागली, की माझे पायच गार पडले. मागे काय चाललं होतं ते विचारू नका.

"या घरांना भोक नसतं ते याचसाठी," ती सांगत होती. "धूर वरती कोंडतो, ठिणग्या त्यातच विझतात, मग हळूहळू गवतातून झिरपून जातो. भोक पाडलं की घराची भट्टी होते. आता पाहिलंतच तुम्ही."

अध्यक्ष तेगवेनबाई वही काढून भराभर लिहून घेत होत्या. इतकं जिवंत प्रात्यक्षिक त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं म्हणे. मग माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "ते वरचे गृहस्थ कोण?"

मायनिरनं वर बघितलंसुद्धा नाही. "असतात असे एकेक हौशी," ती म्हणाली.

ती कायम झाली. मी आठवडाभर उभ्यानं जेवलो.

परवा तिचा डबा द्यायला गेलो होतो. ती शाळेच्या पोरांना छपरावरचं नव्या गवताचं ठिगळ दाखवत होती. एका मुलीनं विचारलं, "केल्ट लोक पाडायचे का असं भोक?"

"छे गं. ती शहाणी माणसं होती. दोन हजार वर्षांत हे एकानंच केलं."

"मग त्याला मारून टाकलं?"

मायनिरनं माझ्या हातातला डबा घेतला, उघडून पाहिला, झाकण लावलं.

"नाही," ती म्हणाली. "स्वयंपाकाला ठेवलाय."