रेमंड लेगाट माफी मागायला जातो

जहाजाच्या जुन्या यादीत ‘योहान लेगाट, वय बावीस, गाव हासेनबाख’ ही ओळ सापडली तेव्हा रेमंड लेगाटने वाचनालयातच टाळी वाजवली. रेमंड पेनसिल्व्हेनियातल्या एका सिमेंट कारखान्याच्या गावात नळदुरुस्तीची कामं करायचा. आजोबा १९२२ साली ऑस्ट्रियातून आले आणि आपल्या जन्माआधीच वारले, एवढंच त्याला ठाऊक होतं. पन्नाशी उलटल्यावर त्याला आपलं कूळ शोधायचा नाद लागला होता.

त्याच संध्याकाळी त्याने हासेनबाखच्या पाद्रीबुवांना पत्र लिहून विचारलं, योहानचं कोणी नातेवाईक आहे का? पाद्रीबुवा गावात नवे होते. त्यांनी ते पत्र रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं.

उत्तर आलं, पण नातेवाइकांचं नव्हे. हिल्डेगार्ड श्टूबिट्स नावाच्या बाईंनी लिहिलं होतं: ‘तुमच्या आजोबांचं लग्न माझ्या सासूबाईंच्या थोरल्या बहिणीशी, रोझिनाशी ठरलं होतं. लग्नाचं डुक्करसुद्धा कापून झालं होतं. त्या दिवशी नवरामुलगा स्टेशनवर गेला, तो थेट अमेरिकेला. त्याचं पुढे काय झालं, हे आमच्या घरात शहात्तर वर्षं विचारलं जातंय.’

“आता काय करणार?” रेमंडच्या बायकोने, डोलोरेसने विचारलं.

“माफी मागणार. घराण्याचा प्रश्न आहे.”

“कालपर्यंत तुला घराणंच नव्हतं.”

माफीचं पत्र गेलं. तेही चर्चमध्ये वाचलं गेलं. गावात दोन तट पडले. काहींच्या मते पत्र पुरेसं होतं. बाकीचे म्हणाले, माणूस आला पाहिजे. ऑक्टोबरात माणूस आला.

हिल्डेगार्डच्या सासूबाई, थेरेसिया आजी, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या. स्वयंपाकघरात बसून त्यांनी रेमंडला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तू योहानचा नातू?”

“हो, आजी.” आपल्या आजीकडून उचललेल्या बोलीत रेमंड म्हणाला. “मी त्यांच्या वतीने—”

“मला नको सांगूस. रोझिनाला सांग.”

रोझिना अकरा वर्षांपासून चर्चमागच्या दफनभूमीत होती. रविवारी प्रार्थना संपल्यावर रेमंड तिकडे निघाला, तर अर्धं गाव त्याच्या मागे. त्याने खिशातून कागद काढून वाचायला सुरुवात केली. ‘तुम्हाला वाट बघायला लावली’ या वाक्यापाशी त्यालाच डोळे पुसावे लागले. ना त्याने कधी आजोबांना पाहिलं होतं, ना या बाईला. हिल्डेगार्ड हुंदके देऊ लागली. गावच्या बँडमधल्या एका म्हाताऱ्याने, कोणी सांगितलं नसताना, ट्रम्पेट काढून वाजवलं.

एवढ्यावर रेमंडचं समाधान होईना. “घरात काही काम असेल तर सांगा,” तो म्हणाला. काम होतं. चार दिवस तो भोपळे फोडून तेलासाठी हाताने बिया काढत बसला. मग त्याने श्टूबिट्सांचा गळका नळ बदलला. हे बघून शेजारीण आली.

“रोझिनाची करवली आमच्या घरातली होती,” ती म्हणाली. “तिचाही झगा वायाच गेला की.”

शेजारणीचाही नळ दुरुस्त झाला. मग बँडवाल्याचा, आणि शेवटी पाद्रीबुवांचं न्हाणीघर.

निघायच्या आदल्या दिवशी रेमंडने पाद्रीबुवांकडे आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीची नक्कल मागितली. भिंतीवर लावायला. पाद्रीबुवांनी वही उघडली.

“योहान लेगाट. आईचं नाव आग्नेस.”

“सेसिलिया,” रेमंड म्हणाला. “माझ्या आजीच्या सासूचं नाव सेसिलिया होतं. आजी त्या नावाने बोटं मोडायची.”

पाद्रीबुवांनी पान उलटलं. तिथे दुसरा योहान लेगाट होता. वर्ष तेच, आई सेसिलिया. गावात दोन होते.

रेमंड श्टूबिट्सांच्या घरी परतला तेव्हा थेरेसिया आजी खसखशीचं सारण भरलेली गोड गुंडाळी, श्ट्रुडेल, कापत होत्या. तो दारातच उभा राहिला.

“आजी, माझा आजोबा तो नव्हता. मी भलत्याच माणसाच्या वतीने माफी मागितली.”

“बस आधी,” त्या म्हणाल्या. “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आमचा योहान शिकागोत होता. त्याला पाच मुलीच झाल्या, लेगाट आडनाव पुढे चालवायला मुलगा नाही.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“एकतीस साली त्याचं पत्र आलं होतं, रोझिनाच्या नावाने. त्याने माफी मागितली होती. ती नुकती कुठे संसारात रमली होती. मी ते पत्र तिला न दाखवता चुलीत घातलं.” आजींची सुरी थांबली. “नंतर दर वर्षी वाटायचं, सांगावं. सांगितलं नाही, आणि ती गेली. मग तुझं पत्र आलं. म्हटलं, येऊ दे. कोणाच्या का तोंडून होईना, ती माफी तिच्यापर्यंत पोचू दे.”

आजींनी श्ट्रुडेलचा मोठा तुकडा त्याच्यापुढे सरकवला.

“आणि माझी माणसं?” त्याने विचारलं. “सेसिलियाची?”

“आहेत की. टेकडीपलीकडे राहायला गेली तीस वर्षांपूर्वी. मी मघाशी फोन केलाय, उद्या सकाळी घ्यायला येतील. अकरा जण आहेत.”

“अकरा?” रेमंडचा चेहरा उजळला. “मला भेटायला?”

“हो. पण जरा जपून. तुझा आजोबा धाकट्या भावाचे नवेकोरे बूट घालून अमेरिकेला गेला, ते अजून विसरले नाहीत.” आजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “घाबरू नकोस. तुला आता सवय झाली आहे.”